आनंदवनभुवन : एका शब्दाचा उगम आणि त्याच्या अर्थांचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

समर्थ रामदासांच्या स्फुट रचनांमध्ये ‘आनंदवनभुवन’ नावाचे एक प्रकरण आहे. साठच्या आसपास श्लोक, आणि जवळजवळ प्रत्येक श्लोकाचा शेवट याच एका शब्दावर. इतिहासाच्या चर्चेत हे प्रकरण शिवकाळाची साक्ष म्हणून पुढे केले जाते, कीर्तनात ते भविष्यवाणी होते, साधक ते आत्मानुभव म्हणून वाचतो, तर जाहीर सभेत ते स्वराज्याचे गाणे ठरते. शब्द एकच, पण त्याचा पत्ता प्रत्येकजण वेगळा सांगतो.

हे आनंदवनभुवन आहे तरी कुठे? गंगेकाठच्या काशीत, कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात, साधकाच्या अंतःकरणात, की अजून न आलेल्या एखाद्या काळात? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला निदान चार उत्तरे दिली गेली. प्रत्येक उत्तरामागे अभ्यास आहे आणि श्रद्धाही आहे. साताऱ्याच्या मातीशी हा वाद घट्ट बांधलेला आहे, कारण समर्थांच्या कार्याचा मोठा काळ याच परिसरात गेला. म्हणून शब्दाचा उगम, काव्याचा आशय, प्रमुख मते आणि उरलेल्या शंका अशा क्रमाने या प्रश्नाचा आढावा घेणे उपयोगाचे ठरेल.

शब्दाची घडण

‘आनंदवन’ हा शब्द समर्थांनी घडवलेला नाही. तो काशीचा जुना पौराणिक पर्याय आहे. स्कंदपुराणातील काशीखंडात या नगरीला अनेक नावे दिली आहेत : काशी, वाराणसी, अविमुक्त, रुद्रावास, महाश्मशान आणि आनंदकानन किंवा आनंदवन. कानन म्हणजेच वन, तेव्हा शेवटची दोन नावे एकाच नावाची रूपे आहेत. काशीखंडाच्या सांगण्याप्रमाणे हे क्षेत्र आनंदाचे कारण असल्यामुळे शंकरांनी त्याला आधी आनंदवन हे नाव दिले. अविमुक्त हे नाव त्यानंतरचे. याच पुराणात आणखी एक सुंदर कल्पना आहे. काशीत जागोजाग दिसणारी शिवलिंगे म्हणजे आनंदाच्या कंदातून वर आलेले अंकुर आहेत. लिंगांची दाटी हीच त्या वनाची झाडी.

‘भुवन’ या शब्दाने अर्थाचा आवाका वाढतो. त्रिभुवन, चौदा भुवने या शब्दांत भुवन म्हणजे लोक, सृष्टीचा एक स्वतंत्र भाग. काशी पृथ्वीवर असूनही पृथ्वीची नाही, ती शंकराच्या त्रिशूळावर उभी आहे आणि प्रलयातही बुडत नाही, अशी समजूत आहे. त्यामुळे आनंदवनाला भुवन म्हणणे परंपरेशी सुसंगत आहे.

यात छंदाचाही वाटा आहे. हे काव्य अनुष्टुभाच्या वळणाचे आहे. चरण आठ अक्षरांचा, त्यात पाचवे अक्षर लघू, सहावे गुरू आणि सम चरणात सातवे पुन्हा लघू. ‘आनंदवनभूवनी’ ही आठ अक्षरे या साच्यात तंतोतंत बसतात. छापील प्रतींत ‘भू’ दीर्घ दिसतो तो यामुळे. सहाव्या जागी गुरू अक्षर हवे असते. नुसते ‘काशी’ म्हणून हा चरण भरला नसता. अर्थ, परंपरा आणि छंद यांचा असा मेळ बसल्यामुळे हा शब्द ध्रुपदासारखा वापरणे कवीला साधले.

आणखी एक व्याकरणाची खूण महत्त्वाची आहे. आरंभीच्या बहुतेक श्लोकांत हा शब्द ‘भूवना’ असा येतो, म्हणजे तिकडे जाण्याची इच्छा. पुढे तो ‘भूवनी’ असा स्थिरावतो, म्हणजे तिथे पोहोचणे आणि राहणे. काव्याचा सगळा प्रवास या एका प्रत्ययाच्या बदलात मावला आहे.

काव्य काय सांगते

प्रकरणाची सुरुवात उत्साहाची नाही. जन्म, म्हातारपण आणि प्रपंच यांच्या दुःखाने कवी थकला आहे. संसार पुरे झाला, आता एकट्याने निघावे आणि आनंदवनात देह ठेवावा, असे तो देवाला सांगतो. मग स्वप्नाचा उल्लेख येतो : रात्री जे पाहिले तसेच प्रत्यक्षात घडते आहे, आणि हिंडता हिंडता आपण त्या भुवनात पोहोचलो आहोत.

तिथून काव्याची चाल बदलते. स्वधर्माच्या आड येणाऱ्या विघ्नांच्या फौजा उठतात, त्यांच्यावर भीम, म्हणजे मारुती, तुटून पडतो. रामवरदायिनी माता उठते आणि पूर्वीच्या पापी शक्तींचा निःपात करते. औरंगजेबाचा नावाने उल्लेख येतो. तो बुडाला आणि मोडलेली क्षेत्रे पुन्हा उभी राहिली, असे चित्र आहे. स्नानसंध्येला मुबलक पाणी आहे, देवळांपुढे दीपमाळा आहेत, गीत-वाद्यांचा गजर आहे, भूमंडळावर रामराज्य आहे. याच भुवनाला विद्येचे पीठही म्हटले आहे. अखेरीस कवी स्वतःच सावध करतो की ही आत्मस्तुती नव्हे. पुढे जे घडेल तेच खरे.

दुःख, स्वप्न, संघर्ष, उत्सव आणि भविष्याकडे बोट अशा पाच पायऱ्यांनी काव्य चढते. अर्थाचा वाद का झाला, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे. ज्याने पहिली पायरी धरली त्याला काशी दिसली, ज्याने तिसरी धरली त्याला स्वराज्य, आणि ज्याने शेवटची धरली त्याला भविष्य.

काळ आणि परिसर

समर्थांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. टाकळीची तपश्चर्या आणि भारतभ्रमण आटोपून ते १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. १६४५ ते १६५५ या काळात त्यांनी अकरा मारुतींची स्थापना केली. त्यांतले सात आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत : शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन. बहे आणि शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात, तर मनपाडळे आणि पारगाव हे कोल्हापूर जिल्ह्यात येतात. शेवटची काही वर्षे त्यांनी परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर काढली. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ च्या जानेवारीत, त्यांनी तिथेच देह ठेवला.

या आयुष्याभोवतीचा काळ कठीण होता. १६३० च्या भीषण दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त झाली. ‘अस्मानी सुलतानी’ आणि ‘परचक्रनिरूपण’ या समर्थांच्या रचनांत गावे ओस पडल्याचे, माणसे देशोधडीला लागल्याचे चित्र आहे. त्या रचना शेजारी ठेवल्या की आनंदवनभुवनातील एकेक तपशील उजळून निघतो. तिथे अन्नपाण्याची वानवा, इथे मुबलक पाणी. तिथे परागंदा माणसे, इथे भरलेली क्षेत्रे. हे स्वप्न पाहणाऱ्याने आधी ती दैना डोळ्यांनी पाहिली होती.

१६५८ मध्ये औरंगजेब तख्तावर आला. १६६९ मध्ये काशीचे विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले. १६७३ मध्ये सातारा आणि परळी हे किल्ले स्वराज्यात आले आणि १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. १६८० च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराज गेले. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला तो १६८१ च्या अखेरीस, समर्थांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी. काव्याचा अर्थ लावताना या सहा घटना डोळ्यांपुढून हलवता येत नाहीत.

पहिले मत : आनंदवनभुवन म्हणजे काशी

शब्दाच्या उगमावर बोट ठेवणारे अभ्यासक म्हणतात की पौराणिक नाव स्पष्ट असताना दुसरा अर्थ शोधायचे कारण नाही. त्यांच्या बाजूने काव्यातले पुरावे बळकट आहेत. देह ठेवण्यासाठी तिथे जाण्याची इच्छा ही काशीत मरण आले की मुक्ती मिळते या श्रद्धेचीच भाषा आहे. विद्यापीठ हा उल्लेख काशीला शोभतो. मोडलेली क्षेत्रे पुन्हा मांडली जाण्याचे चित्र १६६९ च्या घटनेनंतर लिहिले गेले असेल तर त्याचा रोख उघड होतो.

रामभक्ताने शिवाच्या नगरीचे गुणगान का करावे, या शंकेलाही परंपरेत उत्तर आहे. काशीत मरणाऱ्या जीवाच्या कानात शंकर तारकमंत्र सांगतात आणि तो मंत्र रामनामाचा आहे, अशी धारणा आहे. म्हणजे काशी ही शिवाची नगरी आणि रामनामाची पेठही.

महाराष्ट्राचे काशीशी असलेले नातेही या मताला आधार देते. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण केले. विश्वेश्वराचे मंदिर सोळाव्या शतकात पुन्हा उभारण्यात ज्यांचा पुढाकार होता ते नारायण भट्ट मूळच्या पैठणच्या घराण्यातले, आणि राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. गुरुचरित्राच्या एक्केचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या अध्यायांत काशीयात्रेचे सविस्तर वर्णन आहे. त्यामुळे काशी न पाहिलेल्या मराठी माणसालाही तिथली तीर्थे आणि घाट ऐकून माहीत असत.

या मताची अडचण अशी की काव्यातल्या सगळ्या गोष्टी काशीत बसत नाहीत. रामवरदायिनी ही देवी काशीची नव्हे. तिचे ठाणे प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावात आहे. काव्याच्या मध्यभागी सह्याद्रीतली देवता उभी राहते, तेव्हा नुसते गंगेकडे पाहून भागत नाही.

दुसरे मत : आनंदवनभुवन म्हणजे स्वराज्य

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हे मत सर्वांत प्रभावी होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांचे कार्य आणि स्वराज्य यांचा दुवा जोडला आणि ‘महाराष्ट्रधर्म’ या शब्दाकडे लक्ष वेधले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी समर्थांचे राजकीय महत्त्व ठामपणे मांडले. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली, मठामठांतून हस्तलिखिते गोळा केली आणि डोमगावच्या प्रतीवरून दासबोध १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. समर्थ आणि शिवाजी महाराज यांचा संबंध जुना व निकटचा होता, अशी या परंपरेची धारणा आहे.

या दृष्टीने पाहिले तर काव्यातली माता म्हणजे भवानी, विघ्नांच्या फौजा म्हणजे परचक्र, रामराज्य म्हणजे शिवराज्य, आणि आनंदवनभुवन म्हणजे १६७४ नंतरचा महाराष्ट्र. रामवरदायिनीचे पार आणि प्रतापगड शेजारी शेजारी असणे, समर्थांचे मठ व मारुती याच मुलखात असणे, हे या मताचे भौगोलिक बळ. पवित्र स्थळाचे नाव आपल्या मुलखावर आणून ठेवण्याची रीतही इकडे रुळलेली आहे. वाईला दक्षिण काशी म्हणतात. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुलीला विश्वेश्वराचे देऊळ आहे. काशी ज्याला गाठता येत नाही त्याच्यासाठी ती कृष्णेकाठी येते, ही भावना इथल्या लोकांना परकी नाही.

मात्र हे मत समर्थ आणि महाराज यांच्या भेटीच्या वादात गुंतले. देव आणि राजवाडे यांच्या बाजूने १६४९ हे वर्ष सांगितले गेले. गो. का. चांदोरकर आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य गो. चिं. भाटे यांनी चाफळच्या पत्रव्यवहाराकडे लक्ष वेधून पहिली भेट १६७२ मध्ये झाल्याचे मांडले. भाट्यांचे ‘सज्जनगड व समर्थ रामदास’ हे पुस्तक १९१८ चे आहे. पुढे न. र. फाटक यांनीही समर्थांच्या राजकीय भूमिकेविषयी चिकित्सक भूमिका घेतली. या वादात हे काव्य दोन्हीकडून ओढले गेले. वस्तुतः भेट केव्हा झाली, यावर काव्याचा अर्थ अवलंबून नाही. स्वराज्याचा आनंद व्यक्त करण्यासाठी कवी राजाचा गुरू असावा लागत नाही. त्या मुलखात राहणारा आणि ते बदल पाहणारा माणूस असला तरी पुरे.

तिसरे मत : आनंदवनभुवन म्हणजे अंतरीची अवस्था

सांप्रदायिक साधक आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक यांना भूगोल दुय्यम वाटतो. तैत्तिरीय उपनिषदाने आनंद हेच ब्रह्माचे स्वरूप सांगितले. मग आनंदाचे वन म्हणजे आत्मसुख, विघ्नांच्या फौजा म्हणजे काम-क्रोधादी विकार, मारुती म्हणजे साधकाचे बळ, आणि पाखंडाचा नाश म्हणजे भ्रमाचा निरास. काव्याची सुरुवात जन्मदुःखाने होते आणि शुद्ध अध्यात्म वाढल्याचा निर्वाळा त्यात मिळतो, हे या वाचकांचे आधार.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ च्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या ग्रंथात समर्थांच्या साक्षात्काराला कर्मप्रधान म्हटले. ही मांडणी इथे फार उपयोगी पडते. अनुभव आतला असला तरी तो जगात काम करायला लावतो, अशी ही वाट आहे. म्हणून आतले वन आणि बाहेरचे वन यांत विरोध मानायचे कारण उरत नाही.

या मताची मर्यादा एकच, पण ठळक आहे. औरंगजेब हा विकार नव्हे, तो तख्तावर बसलेला बादशहा होता. कवीने त्याचे नाव घेतल्यावर सगळे रूपक मानणे कठीण जाते.

चौथे मत : आनंदवनभुवन म्हणजे भविष्याचे चित्र

काव्य स्वतःला स्वप्न म्हणवते आणि शेवटी पुढच्या काळाकडे बोट दाखवते. यावरून काही वाचक त्याला भविष्यदर्शन मानतात. श्रद्धाळू वाचकांसाठी ही भविष्यवाणी आहे आणि ती खरी झाली : औरंगजेब १७०७ मध्ये दक्षिणेतच मरण पावला, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा बांधले. इतिहासाचा अभ्यासक इथे सावध होतो. समर्थांच्या पश्चात अठरा वर्षांनी, १७०० मध्ये, सातारा आणि पाठोपाठ परळी हे दोन्ही किल्ले मोगलांनी घेतले होते. स्वप्न आणि इतिहास यांची बेरीज सरळ होत नाही.

साहित्याच्या अंगाने पाहणाऱ्याला भविष्य खरे ठरले की नाही, याची चिंता नसते. जगाच्या वाङ्मयात कल्पित सुखनगरीला नाव देण्याची मोठी परंपरा आहे. थॉमस मोर याने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ हा शब्द घडवला. त्यात ‘नसलेली जागा’ आणि ‘चांगली जागा’ असे दोन्ही ध्वनी आहेत. जेम्स हिल्टनच्या १९३३ च्या कादंबरीतून ‘शांग्री-ला’ जगभर गेली. मराठीत ज्ञानदेवांनी पसायदानात चालत्या कल्पवृक्षांची आणि चिंतामणींच्या गावाची कल्पना केली. पंढरपुराला भूवैकुंठ म्हणतात, तर महाबळेश्वरला लोक महाराष्ट्राचे नंदनवन म्हणतात.

या सगळ्यांत आनंदवनभुवनाचे वेगळेपण दिसते. युटोपिया बेटावर आहे, शांग्री-ला दुर्गम डोंगरात, नंदनवन इंद्राच्या स्वर्गात. आनंदवनभुवन मात्र ज्या भूमीवर अन्याय झाला त्याच भूमीवर उभे राहते. ते संघर्षानंतर मिळते, आयते सापडत नाही. मोडलेले पुन्हा मांडणे हाच त्याचा गाभा आहे.

दुसऱ्या बाजूचे प्रश्न

या स्वप्नात कोणाला जागा आहे, हा प्रश्न विचारणारा प्रवाहही महाराष्ट्रात आहे आणि त्याची नोंद घेतल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. आनंदवनभुवनातील सुख स्नानसंध्या, अनुष्ठाने, देवपूजा या शब्दांत येते. त्यातला शत्रू धर्माच्या नावाने ओळखला जातो. शेतात राबणारा, गावकुसाबाहेर राहणारा माणूस या चित्रात कुठे आहे, अशी शंका घेतली जाते.

या शंकेमागे दुसरी कल्पनासृष्टी आहे आणि तिचेही नाते साताऱ्याशी आहे. महात्मा फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. इडापिडा टळून बळीचे राज्य यावे ही मराठी घरांतली जुनी आस फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथात नव्या अर्थाने मांडली. त्यांच्या मांडणीत बळी हा कष्टकऱ्यांचा न्यायी राजा आहे. खुद्द काशीत राहिलेल्या संत रविदासांनी ‘बेगमपुरा’ या नावाने अशी नगरी कल्पिली की जिथे दुःख नाही, कर नाही आणि कोणी दुय्यम-तिय्यम नाही. एकाच काशीतून आनंदवन हे नाव आले आणि बेगमपुराही आला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

समर्थांच्या बाजूने असे सांगितले जाते की सतराव्या शतकातल्या कवीने आपल्या काळाच्या शब्दांत स्वप्न पाहिले. क्षेत्रे मोडली जात असताना त्यांच्या पुनःस्थापनेची आस धरणे स्वाभाविक होते. हे म्हणणे रास्त आहे. तसेच आजच्या वाचकाने त्या स्वप्नाचे कुंपण पाहणे हेही रास्त आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येतात.

शब्दाचे पुढचे आयुष्य या बाबतीत बोलके आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांची वसाहत उभी केली. तिचे नाव आनंदवन. समाजाने ज्यांना वेशीबाहेर टाकले त्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या वस्तीने या शब्दाला आजच्या मराठीत सर्वांत परिचित अर्थ दिला आहे.

काय अनिर्णित आहे

पहिला प्रश्न रचनाकाळाचा. दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे लोटल्याचा उल्लेख आहे, त्यावरून तो भाग १६५९ च्या आसपासचा ठरतो. आनंदवनभुवनात असा आकडा नाही. औरंगजेबाच्या नावामुळे ते १६५८ नंतरचे आणि समर्थांचे म्हणून १६८२ पूर्वीचे, इतकी चौकट पक्की. क्षेत्रांच्या उल्लेखावरून ते १६६९ नंतरचे असावे, हे अनुमान सबळ वाटते. त्यापुढे राज्याभिषेकाच्या उत्साहात ते लिहिले, की महाराज गेल्यानंतर लोकांचे धैर्य टिकावे म्हणून लिहिले, याचा निकाल लागलेला नाही. दोन्ही शक्यतांनी काव्याचा सूर बदलतो. पहिल्या शक्यतेत तो विजयोत्सव ठरतो, दुसरीत संकटाच्या तोंडावर दिलेला धीर.

दुसरा प्रश्न संहितेचा. स्फुट प्रकरणे मठामठांतून, शिष्यांच्या बाडांतून उतरत आली. श्लोकांची संख्या, क्रम आणि शब्दांची रूपे यांची तुलना करूनच मूळ पाठाविषयी बोलता येते. औरंगजेबाचा श्लोक आणि शेवटचे खुलाशाचे श्लोक यांच्याबाबत ही तपासणी विशेष मोलाची आहे.

तिसरा प्रश्न काव्याच्या ऐक्याचा. मरणाची ओढ असलेला आरंभ आणि रणवाद्यांचा मध्यभाग हे एकाच बैठकीतले आहेत, की दोन वेळी लिहिलेले भाग पुढे जोडले गेले? ‘भूवना’ आणि ‘भूवनी’ या रूपांची वाटणी या प्रश्नासाठी चांगला दुवा आहे.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यांवरून तीन गोष्टी म्हणता येतात. शब्दाचा उगम काशीत आहे; याविषयी शंकेला जागा नाही. काव्याची सुरुवातही काशीच्याच अर्थाने होते, कारण देह ठेवायला जाण्याचे ठिकाण म्हणून ते भुवन येते. पण काव्य तिथे थांबत नाही. स्वप्नाच्या श्लोकानंतर काशी हे एक ठिकाण न राहता जगाची एक अवस्था होते, आणि त्या अवस्थेत सह्याद्रीची देवी, कृष्णाकाठचा मारुती, सतराव्या शतकातला बादशहा आणि पुढे येणारे रामराज्य सगळे सामावते. स्वराज्याचा अर्थ हा त्या विस्तारातला एक भाग आहे, संपूर्ण अर्थ नव्हे. आत्मसुखाचा अर्थ त्याचा पाया आहे, पण तोही संपूर्ण नव्हे.

चारही मतांनी काव्याचा एकेक खरा भाग पाहिला. चूक होते ती चार-पाच जोरकस श्लोक उचलून बाकीचे सोडून देण्यात. मरण मागणारा थकलेला माणूस काढून टाकला तर विजयाचे श्लोक पोकळ होतात. बादशहाचे नाव काढून टाकले तर अध्यात्म अधांतरी राहते.

म्हणून दोन विनंत्या. सातारा आणि सांगलीतल्या मराठी विभागांनी धुळ्याच्या संग्रहातील आणि कृष्णाकाठच्या मठांतील प्रती समोर ठेवून या प्रकरणाचे पाठभेद नोंदवण्याचे काम विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. हे काम साठ श्लोकांचे आहे, मन लावून केले तर आवाक्यातले आहे. आणि वाचकांनी आनंदवनभुवन एकदा तरी पहिल्या श्लोकापासून शेवटच्या श्लोकापर्यंत, मध्ये काही न गाळता वाचावे. वाद कोणत्या बाजूने सोडवायचा ते नंतर ठरवावे.